मजुरीला जाताना गाडीचा अपघात झाला तर क्लेम कसा टाकायचा

आमच्याकडे दिवाळी झाली की कापूस वेचणीचा जोर सुरू होतो आणि सकाळी सात वाजता चौकात पिकअप येऊन उभी राहते, मागच्या ढाल्यात पंधरा-सतरा बाया, डब्बे, पाण्याच्या कॅना, आणि गाडी थेट नागपूर-हैदराबाद हायवेवर. माझं केळापूर तालुक्यात सेतू केंद्र आहे, मी वकील नाही हे आधीच सांगतो, पण गेल्या काही वर्षांत क्लेमच्या केसेसचे कागद जमवायला लोक माझ्याकडेच येतात, आणि त्याला कारण माझी मावशी. तिच्याच केसमध्ये मी हे सगळं शिकलो, बरंचसं चुका करून.

२०२२ च्या डिसेंबरात मावशी वेचणीला चालली होती. मागून ट्रक आला, ओव्हरटेक मारताना पिकअपला घासून गेला आणि पिकअप आडवी झाली. मावशीचा उजवा हात कोपरातून मोडला. पिकअपवाल्याने दुसऱ्या गाडीत टाकून दवाखान्यात नेलं, इथपर्यंत माणूस चांगला. पण रस्त्यात त्याने तिला सांगितलं, "मावशी, डॉक्टरले सांगजो बंडीवरून पडली म्हणून, नाहीतर पोलिसाची लफडी मागं लागते आन् तुह्या इलाजाले उशीर होते." बंडी म्हणजे बैलगाडी. तिने तसंच सांगितलं. डॉक्टरनं तसंच लिहिलं. ती एक ओळ पुढे अडीच वर्षं आमच्या मागे लागली, कारण विमा कंपनीचा वकील प्रत्येक तारखेला तोच कागद वर काढायचा की बाई बंडीवरून पडली, ट्रकचा संबंध काय.

म्हणून सुरुवात दवाखान्यापासूनच करतो.

पहिला दिवस, दवाखाना

१०८ ला फोन करा, ११२ ला पण करा. १०८ ची गाडी आली की तिच्या रेकॉर्डला अपघाताची जागा आणि वेळ चढते, हा फुकटचा पुरावा आहे. ११२ ला सांगितलं की पोलिसांकडे नोंद होते. दवाखान्यात डॉक्टर विचारेल कसं लागलं, तिथं जे झालं तेच सांगायचं: कोणत्या गाडीत होतो, कोणती गाडी धडकली, नंबर माहीत असेल तर नंबर. अपघाताचा पेशंट म्हटला की एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, म्हणजे दवाखाना पोलीस चौकीला कळवतो. एमएलसी नको म्हणून कोणी गळ घातली तर ऐकू नका, त्यात फायदा त्याचा असतो, तुमचा नाही.

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस स्कीम लागू झाली आहे, रोड अपघातातल्या माणसाला यादीतल्या दवाखान्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत इलाज फुकट. गाडी कोणाची, विमा आहे की नाही, हे त्यात पाहत नाहीत. मावशीच्या वेळी हे नव्हतं, आम्ही सोनं गहाण ठेवलं होतं. पोलिसांनी अपघात झाल्याची खात्री कळवावी लागते, म्हणून पुन्हा तेच, ११२ ला फोन झालेला पाहिजे.

आणि बिलं. सगळी बिलं. औषधाच्या दुकानातली कच्ची चिठ्ठी नाही, नाव आणि तारीख असलेलं पक्कं बिल मागा. यवतमाळला, नागपूरला मेडिकल कॉलेजात, सेवाग्रामला जितक्या चकरा मारल्या तितक्या एसटीच्या तिकिटा ठेवा. तिकिटावरची शाई उडते बरं, दोन वर्षांत पांढरा कागद उरतो, म्हणून त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि झेरॉक्स करून घ्या. एक्सरेची फिल्म उन्हात टाकू नका.

एफआयआर आणि बयान

एफआयआर जखमी माणसानेच द्यावी असं काही नाही. गाडीतल्या दुसऱ्या कोणी दिली तरी चालते, नवऱ्याने, पोलीस पाटलाने दिली तरी चालते. आमच्याकडे पोलीस पाटलाने तिसऱ्या दिवशी दिली. उशीर झाला म्हणून केस मरत नाही, सुप्रीम कोर्टाने पण हे मान्य केलेलं आहे की माणूस आधी दवाखान्यात धावतो, पण उशीर का झाला ते एफआयआरमध्ये लिहून घ्या. आता भारतीय न्याय संहिता आली, बेदरकार गाडी चालवण्याला कलम २८१, दुखापतीला १२५, कोणी दगावलं असेल तर १०६. हाड मोडलं असेल तर ती कायद्याने गंभीर दुखापत असते, तेवढं नीट लिहिलं जाते की नाही ते पहा.

बयान घ्यायला जमादार वॉर्डात येतो तेव्हा बाई अर्धवट गुंगीत असते, तो लिहितो आणि अंगठा घेतो. अंगठा देण्याआधी ते वाचून दाखवायला सांगा. भांडायचं नाही, "साहेब, एकदा वाचून दाखवा ना" एवढंच. त्यात तीन गोष्टी पाहिजे: धडकणाऱ्या गाडीचा नंबर, ती कोणत्या बाजूने कशी आली, आणि तुम्ही कोणत्या गाडीत का बसले होते. तिसरी गोष्ट लोक लपवतात, मालगाडीत बसलो म्हणून आपल्यावरच केस होईल या भीतीने. लपवू नका, खोटं तर मुळीच सांगू नका, त्याचं कारण पुढे येते.

ट्रकचा नंबर आम्हाला मिळाला कारण गाडीतल्या एका बारावीच्या पोरीने पडल्या पडल्या मोबाईल काढून पळत्या ट्रकचा फोटो घेतला. फोटोत नंबर अर्धा धुळीत होता, शेवटचे चार आकडे दिसत होते, तेवढ्यावर पोलिसांनी टोलनाक्याच्या कॅमेऱ्यातून गाडी काढली. टोल आणि ढाब्यांचे फुटेज फार दिवस राहत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात ठाणेदाराला लेखी अर्ज द्या की फुटेज जप्त करा, आणि अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असं समजा.

भरपाई कोणाकडून, हा खरा प्रश्न

इथं बहुतेक लोकांची गल्लत होते, म्हणून थोडं जास्त सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा लागतो. थर्ड पार्टी म्हणजे त्या गाडीच्या बाहेरचा माणूस. तुम्ही पिकअपमध्ये होते आणि चूक ट्रकची, तर ट्रकच्या विम्यासाठी तुम्ही थर्ड पार्टी, मग पिकअप मालगाडी असो की ट्रॅक्टरची ट्रॉली असो, ट्रकची कंपनी "तुम्ही मालगाडीत का बसले" म्हणून सुटू शकत नाही. फार तर म्हणेल की पिकअपवाल्याची पण चूक होती. दोन्ही ड्रायव्हरची चूक निघाली तरी २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की मागे बसलेल्या माणसाला पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणा एकाकडून वसूल करता येते, वाटणी त्यांनी आपसात पाहावी. पण त्यासाठी पोटिशनमध्ये (म्हणजे क्लेमच्या अर्जात) दोन्ही गाड्यांचे मालक, ड्रायव्हर आणि दोन्ही विमा कंपन्या पार्टी करा. ओळखीचा आहे म्हणून पिकअपवाल्याला सोडायचं ही गावात नेहमीची गोष्ट, आणि मग कोर्टात ट्रकवाला म्हणतो ऐंशी टक्के चूक पिकअपची, उत्तर द्यायला समोर कोणी नसते.

आता उलटं धरा. ट्रक बिक काही नाही, पिकअपवालाच झोपेत होता आणि गाडी नाल्यात गेली. तेव्हा मामला कठीण. मालगाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच ठरवलं. ट्रॅक्टरवर सीट एकच, ड्रायव्हरची, मडगार्डवर बसलेल्यालाही तेच लागू. मग पैसे मालकाकडून घ्यावे लागतात. काही केसेसमध्ये कोर्टाने आधी कंपनीने द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे असा आदेश दिलेला आहे, म्हणून कंपनीला पार्टी करायचंच, पण भरवसा धरून बसू नका. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला असेल तर मात्र त्याला विमा लागतो. आणि गाडीमालकाचेच हमाल असतील तर पॉलिसीवर मजुरांचा हप्ता भरला आहे का आणि किती जणांचा, ते पॉलिसीची कॉपी काढून बघा.

हे वाचून काही हुशार लोकांच्या डोक्यात येते की मग "गाडीत आमचा कापूस होता" असं सांगून देऊ. पंचनाम्यात कापसाचं बोंड पण नसते आणि सतरा डब्बे असतात. एकदा खोटं पकडलं की खऱ्या गोष्टीवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

गाडीचा विमा चालू होता का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की दिसते. अपघाताच्या तारखेला चालू पाहिजे, आजच्या नाही. ड्रायव्हरचं लायसन्स नसलं, नकली निघालं तरी तुमची भरपाई बुडत नाही, सहसा कंपनी देते आणि मालकाकडून वसूल करते. विमाच नसेल तर मालकाची मालमत्ता शोधावी लागते, निकाल लागल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली कलेक्टरमार्फत महसुलासारखी वसुली होते, पण मालकाकडे काही असलं तर.

गाडी सापडलीच नाही तर तो हिट अँड रन. त्यात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार सरकारी फंडातून मिळतात, अर्ज तहसीलदार किंवा एसडीओकडे (उपविभागीय अधिकारी). रक्कम कमी आहे पण कोर्टात जावं लागत नाही.

मुदत

एप्रिल २०२२ पासून कायदा बदलला. आता अपघातापासून सहा महिन्यांच्या आत क्लेम टाकायचा. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की तोवर फक्त उशिराच्या कारणाने क्लेम फेकू नका, पण त्या भरवशावर राहण्यात काही अर्थ नाही, सहा महिने म्हणजे सहा महिने धरा. आपल्याकडे "चार्जशीट होऊ दे मग पाहू" म्हणतात, चार्जशीटची वाट पाहायची गरज नाही. फौजदारी केस वेगळी, क्लेम वेगळा. ड्रायव्हर तिकडे निर्दोष सुटला तरी इकडे क्लेम मिळू शकतो, कारण इथं शंका उरू नये इतका पुरावा लागत नाही, कोणतं जास्त संभवते एवढंच पाहतात.

पोलिसांवरही आता बंधन आहे. ४८ तासांत पहिला रिपोर्ट, ५० दिवसांत मधला, ९० दिवसांत सविस्तर अपघात रिपोर्ट ट्रिब्युनलला (जिथं हे मोटार क्लेम चालतात ते कोर्ट) द्यायचा, आणि तो रिपोर्टच क्लेमचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर छान आहे. मी म्हणतो तो रिपोर्ट गेला की नाही ते ठाण्यात जाऊन विचारत राहा आणि स्वतःचा अर्ज टाकाच.

अर्ज कुठं टाकायचा: जिथं अपघात झाला तिथं, किंवा तुम्ही राहता तिथं, किंवा समोरची पार्टी राहते तिथं. हे फार कामाचं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, तिकडे अपघात झाला तरी क्लेम आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात टाकता येतो. एफआयआर तेलुगूत असते तेवढं भाषांतर करून घ्यावं लागते.

कागदांची थैली

मी लोकांना सांगतो एक कापडी थैली करा आणि सगळं तिच्यात, घरात दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांचे आरसी, विमा, लायसन्सच्या कॉप्या (पोलिसांकडून मिळतात), एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, बिलं, आधार, पॅन, पासबुक. वयासाठी शाळेचा दाखला, कारण आधारवर अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जानेवारी असते आणि वयावरच हिशोब फिरतो.

कमाईचा पुरावा सगळ्यात लंगडा. मजुराला कोण पगारपत्रक देते? वेचणी किलोवर, सोयाबीनची सोंगणी एकराच्या गुत्त्यावर, निंदण रोजाने. तरी शोधलं की सापडते. मुकादमाच्या वहीत रोज नाव आणि किलो लिहिलेले असतात, आम्ही त्या वहीच्या पानांचे फोटो काढले, मावशीच्या नावापुढे ५२, ४८, ६१ असे पेन्सिलीचे आकडे होते, आणि मुकादमाला साक्षीला नेलं. रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, बचत गटाचं पासबुक, फोनपेवर मजुरी आली असेल तर ते स्टेटमेंट. काहीच नसलं तरी कोर्ट किमान वेतन पाहून अंदाजे कमाई धरते, शून्य धरत नाही. घरचं काम करणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत धरतात.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा सामान्य रुग्णालयातून, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून. लगेच काढू नका, इलाज पूर्ण झाल्यावर काढा. आणि टक्के पाहून खुश किंवा नाराज होऊ नका, कारण कोर्ट पाहते की त्या दुखण्याने काम किती बुडालं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. दुकानावर बसणाऱ्याचा कोपर वाकला नाही तर धंदा चालते, वेचणाऱ्या बाईचा कोपर वाकला नाही तर हात बोंडापर्यंत जाते पण कमरेच्या ओट्यात कापूस टाकता येत नाही. मावशीने कोर्टात तेच करून दाखवलं, पदराचा ओटा बांधून. साहेबांनी लेखणी थांबवून पाहिलं.

हिशोब कसा लावतात

मावशीचं वय ३८. महिन्याची कमाई कोर्टाने ९,००० धरली. ४० वर्षांखालच्या मजुराला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, २०१७ च्या निकालाप्रमाणे (४० ते ५० ला २५, ५० ते ६० ला १०). झाले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डाने पूर्ण शरीराचं अपंगत्व २० टक्के दिलं होतं, कोर्टाने कामाचं नुकसान ३० टक्के धरलं, म्हणजे वर्षाला ४५,३६०. याला वयाच्या गुणकाने गुणायचं, ३६ ते ४० ला १५. आले ६,८०,४००. गुणकाचा तक्ता २००९ च्या निकालातला आहे: २५ पर्यंत १८, मग ३० पर्यंत १७, ३५ पर्यंत १६, असा उतरत जाते, ४६ ते ५० ला १३, ६५ च्या वर ५.

याच्यावर इलाजाचा खर्च, जाणं-येणं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, खुराक, इलाजाच्या काळातली स्वतःची मजुरी, वेदनेचे वेगळे, पुढच्या ऑपरेशनचे वेगळे, आणि अर्ज टाकल्या तारखेपासून व्याज. पोटिशनमध्ये यातली एकेक गोष्ट मागा. वकील घाईत असला की "इलाज आणि इतर" लिहून मोकळा होते.

आणखी एक रस्ता आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १६४. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ते घेतलं की मोठा क्लेम संपतो. बोट मोडलं असेल तर घ्या. हात गेला असेल तर विमा कंपनीचा माणूस ऑफर घेऊन आला तरी वरचा हिशोब एकदा कागदावर मांडून पहा, मग बोला.

जिनिंग, वीटभट्टी, रोडच्या ठेकेदाराकडे कामाला असताना अपघात झाला असेल तर मालकाकडून कामगार भरपाईचाही हक्क असतो (१९२३ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला). पण मोटार ट्रिब्युनल किंवा कामगार भरपाई, दोन्हींपैकी एकच. माझ्या पाहण्यात गाडीची चूक साफ दिसत असेल तर मोटार क्लेममध्ये जास्त मिळते.

याच्याबरोबर मिळणारे पैसे

हे क्लेमशिवाय आहेत आणि लोक विसरतात. घरी सातबारा असेल, दोन एकर का असेना, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना: खातेदार आणि घरातला एक सदस्य, वय १० ते ७५, मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज, ही मुदत हमखास चुकते. दुसरं, पासबुकात मे-जूनमध्ये २० रुपये कटलेले आहेत का पहा, ते प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे असतात, त्यात पण २ लाख आणि १ लाख आहेत.

वकील आणि एजंट

दवाखान्याच्या गेटवर चहाच्या टपरीपाशी जो माणूस आपणहून विचारपूस करते, तो एजंट. तीस टक्के, चाळीस टक्के बोलते आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सह्या घेते. मिळणाऱ्या रकमेत वकिलाने टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. बाई असेल, एससी-एसटी असेल, अपंगत्व आलं असेल तर कमाई न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळते, ऑफिस जिल्हा कोर्टातच असते, फोन १५१००. फुकटचा वकील लक्ष देत नाही म्हणतात, आमच्या वकील ताईंनी दिलं.

दुसरा सापळा म्हणजे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची तडजोड. ट्रकमालकाचा माणूस आला होता, वीस हजार हातात आणि "आमची काही तक्रार नाही" वर अंगठा. मावशीचा जावई तयार झाला होता, बिचाऱ्याला दवाखान्याचं बिल भरायचं होतं. मी पेपर फाडला नाही, नुसता फोटो काढून ठेवला. अर्धवट भरलेला तो पेपर पुढे वकील ताईंनी कोर्टात लावला, की ट्रकचा संबंध नव्हता तर तुमचा माणूस वीस हजार घेऊन कशाला आला? बंडीच्या ओळीला हे उत्तर चांगलं बसलं. सोबत पोलिसांचं वॉर्डातलं बयान होतं आणि त्या फोटोवाल्या पोरीची साक्ष होती.

निकालानंतर

निकालाची सर्टिफाइड कॉपी लगेच मागा. कंपनीने ३० दिवसांत पैसे जमा करायचे असतात. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अपील होते, वाद एक लाखाच्या वरचा पाहिजे. लोकअदालतीत तडजोड केली तर मात्र पुढे अपील नाही, पण पैसे लवकर येतात. क्लेम वाकडा असेल तर लोकअदालत वाईट नाही.

पैसे सगळे एकदम हातात येत नाहीत, काही भाग कोर्ट एफडीत ठेवायला लावते. मावशीला याचा राग आला होता, "माह्या हाताचे पैसे आन् मलेच नाही देत." कोपरातली प्लेट काढायचं ऑपरेशन निघालं तेव्हा डॉक्टरच्या अंदाजपत्रकासह कोर्टात एक पानाचा अर्ज दिला आणि एफडी मोडायची परवानगी मिळाली. त्या अर्जाचा नमुना माझ्याकडे कॉम्प्युटरवर पडून आहे, आतापर्यंत सहा जणांनी नेला.